लाल दाखवणारी सिंधुकाकू

मला त्या माणसाला एकदा समोर बसवायचं आहे. तो कुठल्या शहरात बसतो, बाई आहे की बाप्या, एकटा आहे की त्यांची टोळी आहे, मला काही ठाऊक नाही. एवढंच ठाऊक आहे की थंडगार खोलीत बसून त्याने एक दिवस ठरवलं, आमच्या सिंधुकाकूच्या फोनमधलं लाल काढून टाकायचं. काकूने मागितलं नव्हतं. हदगाव तालुक्यात कुणीही मागितलं नव्हतं. आम्ही मागितलं होतं ते एक कुलूप. कुलूप आलं, आणि त्याच्या पाठीवर बसून बाकी सगळं आलं.

मी देविका, नांदेडला एका शाळेत शिकवते. सिंधुकाकू म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्याची, रामकिशनकाकांची बायको. काका लातूरला डाळ मिलमध्ये असतात, सणावाराला घरी येतात. शेत काकूच बघते. कापूस, सोयाबीन, आणि विहिरीला पाणी टिकेल त्या बेताने हळद. बाई अंगाने किरकोळ, आवाज मात्र असा की बांधावरून हाक मारली तर चौथ्या शेतातला माणूस उठून उभा राहावा. चौथीपर्यंत शिकलेली आहे. वाचता येतं, पण सावकाश, अक्षरावर बोट ठेवून. आणि मला एक सांगायचं आहे, उन्हात, एका हातात विळा असताना, अक्षरावर बोट ठेवून वाचत बसायला कुणाला वेळ असतो?

आमची विहीर सामाईक. तीन घरांची. एक आमचं, म्हणजे माझे वडील शिवशंकर यांचं. दुसरं काकूचं. तिसरं वडिलांच्या चुलतभावाचं, सटवाजीकाकांचं. सामाईक विहीर म्हणजे पाळी, आणि पाळी म्हणजे भांडण. तुझं वावर भिजलं, माझं राहिलं. तू मोटार उशिरा बंद केलीस, तू आधी सुरू केलीस. एकदा तर माझे वडील आणि सटवाजीकाका खोऱ्याचे दांडे घेऊन एकमेकांवर धावले. दोघंही नातवंडं असलेली माणसं. मधे काकू उभी राहिली. म्हणाली, "आजपास्नं मोटार मी सुरू करीन आन मीच बंद करीन. दुसऱ्या कुणी बटनाला हात लावायचा न्हाई."

सटवाजीकाका गुरकावले, "आन तुमचं वावर आधी भिजवाल."

"माझी पाळी सगळ्यात शेवटी. कबूल?"

कबूल न करून सांगतात कुणाला. तेव्हापासून काकू आमच्या विहिरीची मालकीण नव्हे, पण तिच्याशिवाय विहिरीचं पान हलत नाही. शेवटची पाळी तिची म्हणजे तिचीच राहिली. पाणी आटलं की सगळ्यात आधी तिचीच हळद पिवळी पडायची. तिने त्यावर कधी तोंड वाकडं केल्याचं मला आठवत नाही, आणि मी तोंडं नीट बघणाऱ्यांतली आहे.

मग तो डबा आला. फोनवरून मोटार सुरू-बंद करायचा. गावोगाव आले तसेच आमच्याकडे आले. आमच्या डब्याचं नाव पाणसखा. तिन्ही घरांनी मिळून घेतला, त्यासाठी वेगळा फोन घेतला, आणि तो पाळीचा फोन म्हणून काकूच्या हातात दिला. विहिरीवरच्या जुन्या मेन स्विचवर गंजाची खपली धरली होती. तो काढून टाकला आणि वायरी थेट डब्यात जोडल्या. लाईन केव्हा येईल, केव्हा जाईल याचा नेम नसलेल्या मुलखात हा डबा म्हणजे सोय होती, मी ती नाकारत नाही. काकूचं अंधारात विहिरीवर जाणं थांबलं. काट्याकुट्याचं, साप-किरडाचं भय गेलं. त्या कंपनीबद्दल तेव्हा मी चांगलं बोलायचे. आता ते शब्द परत घेते.

त्या फोनवरचं चित्र अगदी साधं होतं. मोटार चालू असेल तर अख्खा पडदा हिरवा. बंद असेल तर अख्खा पडदा लाल. या टोकापासून त्या टोकापर्यंत, दुसरं काहीच नाही. लांबून दिसायचं, उन्हात दिसायचं, चष्मा नसला तरी दिसायचं. ज्याने कुणी ते पहिलं चित्र काढलं असेल त्याला शेत माहीत असावं. त्याला बहुतेक त्यांनी कामावरून काढलं.

त्या लालवरून आमच्या विहिरीवर एक रीत पडली. मोटारीत कचरा अडकला किंवा फुटबॉलमध्ये, म्हणजे पाइपाच्या तळाच्या झडपेत, चिंधी बसली की कुणाला तरी खाली उतरून पंप खोलावा लागतो. आमची मोटार विहिरीच्या आत, पायऱ्या उतरून एका कट्ट्यावर बसवलेली आहे. खाली उतरलेला माणूस हात घालण्याआधी वर बघायचा. काकू काठावर उभी राहून पाळीचा फोन डोक्याच्या वर धरायची, पडदा खाली करून.

"लाल हाय का?"

"लाल हाय!"

मग तो हात घालायचा. एवढंच. आधी असं काम निघालं की कुणीतरी डीपीपर्यंत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीपर्यंत, चालत जाऊन फ्यूज काढून आणायचं, दोन वावरं पलीकडे. लाल दाखवायला लागल्यापासून कुणी गेलं नाही. काकूचं लाल पुरेसं होतं. गावात ते बोलण्यातही आलं. लग्नाच्या बोलणीत कुणी ओढाताण करायला लागलं की दुसरा म्हणायचा, "आता सिंधुवैनीनं लाल दाखवलं म्हणून समजा." म्हणजे विषय संपला, आता त्यात धोका नाही. एखाद्या बाईचं नाव गावाच्या बोलण्यात असं बसणं ही सोपी गोष्ट नाही. आमच्याकडे बाईचं नाव बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणाने तोंडात येतं.

आणि मग हिमायतनगरच्या बाजूला मोटारी आपोआप सुरू व्हायला लागल्या.

भूतबाधा नव्हती. कंपनीने सगळ्या डब्यांना आतून एकच गुप्त आकडा दिला होता. काही रिकामटेकड्यांना तो सापडला आणि ते बसल्या जागी दुसऱ्यांच्या मोटारी चालू-बंद करायला लागले. एका कोरड्या विहिरीत मोटार फिरत राहिली आणि जळून गेली. ही चूक कंपनीची होती, आणि ती दुरुस्त करणं हे कंपनीचं कामच होतं. उपकार नव्हते. लवकरच फोनवर निरोप आला. सुरक्षेसाठी नवं अपडेट घेणं आवश्यक आहे. आणि त्याच्याच खाली, तोंडभर हसणाऱ्या पोरीच्या चित्रासकट, "सोबत अनुभवा पाणसखाचा नवा, ताजा, सोपा चेहरा!"

सटवाजीकाकांचा जीव खालीवर. कुणी आपली पाळी चोरली तर? ते रोज काकूच्या दारात. "वैनी, कुलूप लावून घ्या न्हवं. कशाची वाट पाहून राहिल्या?"

काकूने मला फोन केला. "देविके, नुसतं कुलूप घ्यायला जमतंय का गं? चेहरा नगं मला. हाय तो बरा हाय."

मी कंपनीच्या मदतीच्या नंबरवर लावला. बराच वेळ बासरी ऐकली. मग एक मुलगा आला, त्याला मी विचारलं, सुरक्षेची दुरुस्ती वेगळी मिळेल का. तो म्हणाला, "नाही मॅडम, दोन्ही एकत्रच येतं." का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "तसंच असतं मॅडम." त्याचा दोष नाही. त्याला तेवढंच पाठ करायला दिलं होतं. पण मी तुम्हाला विचारते, घराचं कुलूप बिघडलं म्हणून आपण माणूस बोलावला, आणि तो म्हणाला की कुलूप बदलीन, पण तुमची चूलही उचलून न्हाणीत नेऊन ठेवीन, नाहीतर कुलूप नाही, तर आपण काय करू? त्याच्या पाठीत लाटणं घालू. हे लोक रोज तेच करतात आणि वर आपल्याकडून शाबासकी मागतात.

काकूने तो सगळा हिवाळा "नंतर" दाबून काढला. रोज सकाळी निरोप यायचा, रोज ती "नंतर" दाबायची. मी तिला सांगितलं होतं की कुलुपाचं खरंच गरजेचं आहे. ती म्हणाली, "मला ठावं हाय गं. म्हणून तर बेजार हाय." चोराची भीती एकीकडे आणि घरातल्या घरात चाचपडायची भीती दुसरीकडे, असं त्यांनी तिला मधे धरून ठेवलं होतं. मग एका सकाळी "नंतर" हे बटणच राहिलं नाही. अपडेट घ्या, नाहीतर उघडणार नाही. पाण्यावाचून हळद वाळत होती, पाळी माझ्या वडिलांची होती, ते बांधावर येऊन उभे होते. काकूने अपडेट घेतलं.

पडदा पांढरा झाला. दवाखान्याच्या भिंतीसारखा पांढरा, मधोमध एक गोल बटण, आणि खाली राखाडी रंगाची बारीक अक्षरं, जी मला सावलीतही डोळे बारीक करून वाचावी लागली. त्या गोलाचा रंग आता मोटारीचं काय चाललंय ते सांगत नव्हता. तो दाबल्यावर काय होईल ते सांगत होता. मोटार बंद असेल तर गोल हिरवा, म्हणजे दाबा आणि सुरू करा. मोटार चालू असेल तर गोल लाल, म्हणजे दाबा आणि बंद करा. शहरातल्या शहाण्यांना यात वावगं काही वाटणार नाही. मला एकाने समजावूनही सांगितलं की आता सगळीकडे असंच असतं. असेल. सगळीकडे खाली माणूस हात घालून बसलेला नसतो.

काकू शिकली. उगीच रडणारी बाई नाही ती. विहिरीवर जाऊन बसली, दाबलं, मोटार ऐकली, पडदा बघितला, पुन्हा दाबलं. मला फोनवर म्हणाली, "समदं उलटं करून ठेवलंय बघ त्यांनी. पर कळलं मला." आणि रोजच्या पाळीला तिचं एकदाही चुकलं नाही. कारण रोज मोटारीचा आवाज सोबत असायचा. कान सांगायचा, डोळा ऐकायचा.

त्यानंतर होळीच्या सुट्टीत मी गावी गेले होते, म्हणून पुढचं मी स्वतः बघितलं आहे.

सकाळी सटवाजीकाकांची पाळी चालू होती. पाणी बारीक यायला लागलं, मग नुसती फुरफुर. तेवढ्यात लाईनही गेली. काकूने हदगावहून बजरंगला बोलावलं. बजरंग म्हणजे मोटारीचा मिस्त्री. आमच्या भागातल्या निम्म्या विहिरी त्याने आतून बघितलेल्या आहेत. काम करताना सारखी बडबड, चहा दिला तर दोनदा मागणार, काकूला मावशी म्हणणार. तो आला, चहा प्यायला, पायऱ्या उतरून कट्ट्यावर गेला आणि पंप खोलून बसला. काठावर आम्ही तिघं. काकू, सटवाजीकाका आणि मी.

लाईन गेली तेव्हा मोटार चालू होती. काकूने ती बंद केलेली नव्हती, लाईनने बंद पाडली होती. म्हणजे डब्याच्या हिशेबाने ती अजून चालूच होती, आणि लाईन आली की थोडा दम खाऊन आपोआप सुरू होणार होती. जुन्या फोनवर अशा वेळी पडदा हिरवा राहायचा. काकू तो हिरवा बघायची, दाबून लाल करायची, आणि मग दाखवायची.

"मावशे, लाल दाखवा!" खालून बजरंग ओरडला.

काकूने फोन बाहेर काढला. टळटळीत ऊन, पडदा चकाकत होता, आणि मधोमध लाल गोल. तिने हात वर केला.

"लाल हाय!"

मीसुद्धा बघितलं. लालच होतं. सटवाजीकाकांनी बघितलं. खालून बजरंगने मान वर करून, डोळ्यांवर हात धरून बघितलं. आम्हा चौघांना लाल दिसलं, आणि आम्हा चौघांना त्याचा तोच जुना अर्थ सुचला. मोटार गप्प होती, त्यामुळे काकूच्या कानाला सांगायला काही नव्हतं. बजरंगने हात आत घातला.

थोड्या वेळाने विहिरीकाठच्या शेडवरचा बल्ब लागला. सटवाजीकाका म्हणाले, "लाईन आली बघ."

एवढं ऐकून बजरंगने हात बाहेर काढायला हवा होता. तुम्ही काढला असता, मी काढला असता. पण त्याने आमच्या विहिरीवर इतकी वर्षं काम केलं होतं, आणि इथे लाईन येवो जावो, काकूने लाल दाखवलं की काम थांबवायचं नसतं. तो तसाच चिंधी ओढत म्हणाला, "येऊ द्या की. लाल हाय न्हवं."

मोटारीने दम खाल्ला आणि ती सुरू झाली.

तो आवाज मी लिहिणार नाही. काकूने फोन समोर धरला आणि बंद करायला अंगठा नेला. आणि त्या गोलावर, बरोबर त्या गोलावर, एक चौकट येऊन बसली. "आमचा नवा चेहरा कसा वाटला? तारे देऊन सांगा!" ती चौकट घालवायची फुली कोपऱ्यात, मुंगीएवढी. तिने दाबलं, तारे दाबले गेले. पुन्हा दाबलं. मग "धन्यवाद" आलं. धन्यवाद! मग कुठे तो लाल गोल पुन्हा दिसला आणि मोटार थांबली. कंपनीच्या दप्तरी आमच्या विहिरीवरून पूर्ण तारे जमा आहेत. कुणाला बघायचे असतील तर बघा.

सटवाजीकाकांनी आपली दस्ती बजरंगच्या हाताला बांधली. ती लगेच भिजली, मग काकूने पदर फाडला. जीपने हदगाव, तिथून नांदेड. उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं गेली. पाना धरायची बोटं.

वॉर्डात काकू त्याच्या खाटेपाशी उभी राहिली. बसली नाही. बजरंगची बायको भीमा पलीकडे भिंतीकडे तोंड करून उभी होती. बजरंगच म्हणाला, "मावशे, तुमी लाल दाखवलं, म्या बी लालच पाह्यलं. तुमची काय चूक?"

"मला ठावं व्हतं रे," काकू म्हणाली. "उलटं हाय ते म्या शिकले व्हते. शिकले व्हते न्हवं!"

हे ती तेव्हापासून किती वेळा म्हणाली असेल, मी मोजलं नाही. तिला शिकवण्यात काही कमी पडलं असं म्हणायची सोय तिने कुणाला ठेवली नाही, आणि त्यातच ती झिजली. इतकी वर्षं एक रंग बघून जो हात वर जातो, तो एका सकाळी आलेल्या पांढऱ्या पडद्याने बदलत नाही. हे कळायला फार शिकावं लागत नाही. पण ज्यांनी ते बदललं त्यांना कळलं नाही, किंवा कळलं आणि चाललं. यातलं कुठलं जास्त वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी काकूला घेऊन नांदेडला डबे विकणाऱ्या दुकानात गेले. दुकानदार प्रेम नावाचा तरुण, वागायला सभ्य. खुर्च्या पुसून दिल्या, थंड पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, आणि कंपनीला फोन लावून तो टेबलावर ठेवला. पलीकडून एक बाई फार गोड बोलत होती. तिने आधी दिलगिरी व्यक्त केली. मग विचारलं, "काम सुरू करण्यापूर्वी वीजपुरवठा खंडित केला होता का?"

म्हणजे फ्यूज. हो, नव्हता केला. विचारा, तुम्हीही विचारा. गावातल्या दोघातिघांनी तेच विचारलं. फ्यूज काढायलाच हवे होते, मी नाही म्हणत नाही. पण तुमच्या लालवर आम्ही विश्वास ठेवावा म्हणून तुम्हीच तर ते अख्ख्या पडद्यावर फासलं होतं! विश्वास बसेपर्यंत ते लाल तुमचं होतं, विश्वास बसल्यावर मात्र जबाबदारी आमची झाली.

हे मी तिला ऐकवलं, जरा जास्तच मोठ्याने. ती म्हणाली, तुमचा अभिप्राय पुढे पाठवते. तेव्हा काकूने फोनकडे वाकून विचारलं, "बाई, येक सांगा. कुलूप ऱ्हाऊ द्या आन माझं आधीचं लाल वापस द्या. जमंल का?"

"मॅडम, जुना चेहरा आता उपलब्ध नाही. आणि नवीन ग्राहकांना खूप आवडला आहे."

"मी जुनी हाय, माय," काकू म्हणाली.

पलीकडून लगेच, "आणखी काही मदत करू शकते का?"

प्रेमने ओशाळून फोन बंद केला. पुढे काही दिवसांनी पुन्हा एक अपडेट आलं. त्यात उघडताना एक पिवळी पट्टी दिसायला लागली, "दुरुस्तीपूर्वी वीजपुरवठा खंडित करा." गोल तसाच. रंग तसेच. खाली लिहिलं होतं, "किरकोळ सुधारणा." दोन बोटांची नोंद त्यांनी अशी केली. मी शाळेत मुलांना सांगते की रागाच्या भरात लिहू नये. पण हे सगळं मी रागाच्याच भरात लिहिलं आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही.

लातूरहून काका येऊन गेले. "तुझ्या हातून मुद्दाम झालं का? मग?" एवढं म्हणून दोन दिवस राहिले आणि मिलवर परत गेले. ज्या सटवाजीकाकांनी आयुष्यभर काकूच्या प्रत्येक मिनिटावर डोळा ठेवला, ते आता "असू द्या, वैनी, असू द्या" म्हणायला लागले. मला त्यांचं भांडणच बरं वाटत होतं. गावात लग्नाच्या बोलणीतही ती म्हण कुणी वापरेना. आणि वापरली तर मधेच थांबून दुसरं काहीतरी बोलायचे.

पावसाळा उलटून दसरा आला. मी गावी होते. मोटार पुन्हा अडकली आणि निरोप पुन्हा बजरंगलाच गेला. काकूने सांगितलं होतं, दुसरा मिस्त्री नको. तो आला. उजवा हात खिशात, पिशवी डाव्या हातात. बोलणं कमी झालेलं. चहा एकदाच घेतला.

काकू सकाळपासून तयार होती. मला माहीत आहे, कारण मी तिला परसात बघितलं होतं. फोन उघडून ती स्वतःशीच म्हणत होती, "हिरवा गोल म्हंजे बंद. हिरवा म्हंजे बंद." मोटार तिने बंद केली होती, दोनदा तपासली होती, मला दाखवली होती, वडिलांना दाखवली होती. पदराने पडदा पुसून ती काठावर जाऊन उभी राहिली, तिच्या नेहमीच्या जागी. सगळे जमले होते.

बजरंगने पिशवी पायरीवर ठेवली. त्याने वर बघितलं नाही, काकूकडे बघितलं नाही. तो वळला आणि डीपीकडे चालायला लागला, वावरातून, सोयाबीनच्या धसकटांवरून. जायला वेळ लागला, यायला वेळ लागला. आम्ही तेवढा वेळ नुसते उभे. काकूचा फोन असलेला हात अर्धा वर आलेला होता. तो तिने हळूहळू खाली घेतला.

बजरंग परत आला. फ्यूज त्याच्या सदऱ्याच्या खिशात होते. त्याने डाव्या हाताने खिसा एकदा चाचपला आणि पायऱ्या उतरला.

त्याने केलं ते बरोबर होतं. तसंच करायला हवं होतं, पहिल्यापासून. तिथे उभ्या प्रत्येकाला ते पटलं होतं, काकूलाही. तरी मला त्या क्षणी त्या माणसाचा, ज्याची बोटं गेली होती त्या माणसाचा, असा राग आला की मी तोंड फिरवून घेतलं.

काकू मोठ्याने म्हणाली, "बरं केलंस, बजरंगा." आवाज नेहमीचाच, चौथ्या शेतात जाईल असा.

काम झालं. पाणी सुरू झालं. बजरंग पिशवी घेऊन गेला. मग काकू सटवाजीकाकांसमोर आली आणि तिने पाळीचा फोन पुढे केला. "घ्या भावजी. आता तुमीच पाळी बघा."

सटवाजीकाकांनी माझ्या वडिलांकडे बघितलं. वडिलांनी पाटाच्या पाण्याकडे बघितलं. आता कुणीतरी म्हणेल, असं कसं वैनी, तुमच्याशिवाय कोण, मी वाट बघत होते. मला स्वतःला ते म्हणता आलं असतं. पण विहिरीवर भावकी उभी असताना लेकींनी बोलायचं नसतं, आणि मी बोलले नाही.

सटवाजीकाकांनी फोन घेतला आणि सदऱ्याच्या खिशात घातला.